सुई, पाव फेरा उघडी

धानावर फवारणी करायचं पाठीवरचं इंजिन आभाळात उडवायचं असेल, तर आधी त्याचं वजन उतरवावं लागतं. आणि त्याच्याही आधी मिस्त्रीचं. इंजिनाचं वजन मी चार दिवसांत उतरवलं. माझं उतरायला एक अख्खं विमान जमिनीत जावं लागलं.

मोहाडीच्या बाजारचौकात माझं दुकान. आता तिथे पुतण्या बसतो आणि मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून त्याच्या चुका मोजतो. ऐंशी सालाच्या आगेमागे तालुक्यात मोपेडी वाढल्या, फवारणीची यंत्रं आली, आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळून पिणारं जे जे काही होतं ते माझ्याकडे येऊ लागलं. तेल न मिसळता पिणारेही यायचे, पण त्यांच्यावर माझ्याकडे इलाज नव्हता.

ज्यांचे हात कधी काळे झाले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही लहान दोन ठोक्यांची इंजिनं. यांच्या पोटात वंगणाचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलसोबत जे तेल येईल तेवढंच नशिबात. पेट्रोल आत किती जायचं ते एक सुई ठरवते. सुई उघडली तर पेट्रोल जास्त जातं, इंजिन पोट भरल्यासारखं गुरगुरतं, अडखळतं, धूर ओकतं. सुई बंद करत आणली तर आवाज चढत जातो, मोकळा होतो, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आणखी बंद केली की इंजिन उपाशी पडतं, तापतं आणि मरतं. या सगळ्यात बरोबर जागा शोधणं म्हणजे ट्यूनिंग. बाकी आमच्या धंद्यात पाने, कपडा आणि आत्मविश्वास.

आत्मविश्वास माझ्याकडे भरपूर होता. चहा पिता पिता मी लांबून येणाऱ्या मोपेडीचा आवाज ऐकून रोग सांगायचो. एकदा असंच पाठमोरा बसून चारचौघांत सांगितलं, "हिचं पिस्टन गेलं, दोन दिवस काढते." तो आवाज पिठाच्या गिरणीचा निघाला. पण चुकलेली निदानं कोण लक्षात ठेवतं? आमच्या गावात, सगळे.

तर एका बाजाराच्या दिवशी निमजे सर आले. शाळेत विज्ञान शिकवायचे. काडीसारखे बारीक, खांद्याला झोला, झोल्यात फवारणीच्या यंत्राचं जुनं इंजिन.

"मिस्त्री, याचं वजन किती कमी होईल?"

"कायले जी?"

"विमानाला लावायचं आहे."

मी त्यांच्या मागे पाहिलं, घरचं कोणी सोबत आलं आहे का.

सर शांतपणे स्टुलावर बसले, झोल्यातून अशा विमानांचं एक पुस्तक काढलं आणि सगळं समजावून सांगितलं. विमान मोठं, पंख पसरले तर माझ्या दुकानाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. माणूस बसायचा नाही. उडवणारा मधोमध उभा राहणार, त्याच्या हातातून दोन पोलादी तारा विमानाला, आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरणार. खळ्यावर धान चुरताना बैल मेढीभोवती फिरतात तसं, फक्त हवेतून. हातातली मूठ वर-खाली वाकवली की विमान वर-खाली. तारा चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीतल्या एका ओळखीच्या फिटरनं दिल्या होत्या. परदेशात अशी विमानं करायला एक हलकं लाकूड मिळतं, ते आपल्याकडे कुठलं? सरांनी तळ्यातलं भेंड वापरलं होतं. ज्याची बाशिंगं करतात, मासेमार जाळ्याला ज्याचे तरंगे बांधतात, तेच भेंड. ते आणून द्यायचा सुखराम. जातीचा ढीवर, जवळच्याच गावचा, तिथल्या तळ्यावर मासे धरायचा.

"आणि पंखावर कापड?" मी विचारलं.

सर म्हणाले, "कोसा. आईनं विणलेला."

सरांचं घराणं विणकराचं. आईनं जन्मभर मागावर कोसा, म्हणजे आमच्याकडचं रानरेशमी कापड, विणला. आता तिच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला होता; गेलेला उजेड परत येत नाही, उरलेला किती दिवस राहील सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. माग बंद झाला होता. तिच्या हातचे पातळ विणीचे दोन तुकडे घरात उरले होते. एक या विमानाला लावला. दुसरा पेटीत.

"आईला वर्षभरानं दिसेल की नाही माहीत नाही," सर म्हणाले. "आभाळात काही हललं तर अजून कळतं तिला. तिचं कापड उडताना तिनं पाहावं, एवढंच."

मी इंजिन उचललं आणि म्हणालो, "सर, इंजिनाचं टेन्शन घेऊ नका."

माझ्या आयुष्यातले सगळे अपघात याच वाक्यानं सुरू झाले आहेत.

फवारा मारायचा पंखा, पत्र्याचं झाकण, सुरू करायची दोरी, सगळं काढून टाकलं. मूळचा कार्बोरेटर बोजड होता. त्याच्या जागी पितळेची नळी बसवली आणि सायकलच्या चाकातल्या तारेचं आटे असलेलं टोक घासून त्याची सुई केली. अजून मला तिचा अभिमान आहे. सरांनी शिवणीच्या झाडाच्या लाकडाचा पंखा तासून आणला, पुढे लावायचा. मग चाचणीसाठी मी इंजिन लाकडी स्टुलावर पक्कं बोल्ट केलं. स्टूल मात्र कशालाच बोल्ट केलं नाही.

हातानं पंखा फिरवून ते सुरू करावं लागे. तिसऱ्या झटक्याला त्यानं माझ्या बोटावर असा फटका दिला की मला माझ्या शाळेतले मास्तर आठवले. मग बोटावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि पुन्हा झटका दिला. इंजिन पेटलं. आवाज असा की समोरच्या दुकानातली कबुतरं उडाली. मी डोळे मिटून सुई फिरवत होतो, आवाज चढत होता, आणि मला वाटलं आवाज लांब लांब जातो आहे. डोळे उघडले तर स्टूल दारातून बाहेर पडत होतं. मी त्याचा मागचा पाय धरला. स्टुलानं मला उंबऱ्यापर्यंत नेलं.

टपरीवरून चहावाला शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, तुमचा स्टूल कुठं जाऊन राहिला जी?"

मॅंगनीजचा एक ट्रक थांबला होता. ड्रायव्हर खाली उतरून दोन मिनिटं पाहत राहिला आणि परत चढला. स्टूल नालीत पडल्यावर इंजिन थांबलं. पण मी सरांना म्हणालो, "पाहा सर, ताकद."

पहिलं उड्डाण दिवाळीनंतर, धान कापल्यावर, सुखरामच्या गावाच्या आखरावर. म्हणजे सकाळी गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर. सर मध्ये मूठ धरून उभे. सुखराम शेपटीशी. त्याचे दंड पाहूनच त्याला विमान धरायला ठेवलं होतं, कारण हे इंजिन एकदा पेटलं की विमान हातात राहत नाही, हे स्टुलानं शिकवलं होतं. आई घरीच होती. सर म्हणाले, आधी एकदा नीट उडू दे, मग तिला आणू.

मी इंजिन सुरू केलं आणि सुई बंद करत गेलो. गुरगुर संपली, आवाज चढला, मोकळा झाला, शिट्टीसारखा सुटला. असा आवाज मी मोपेडीतून कधी काढला नव्हता.

सर मधून ओरडून म्हणाले, "मिस्त्री, पुस्तकात लिहिलं आहे, शेवटी सुई थोडी उघडायची."

मी ओरडून म्हणालो, "सर, पुस्तकाले कान असते का जी?"

सुखराम विमान धरून होता. त्यानं सहज, हाताला बरं पडावं म्हणून, विमानाचं नाक थोडं वर केलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मिस्त्री, हे तोंड वर केलं का ढिलं पडते जी. मासा दमला का दोरी कशी ढिली होते, तशी. हाताले ओढ कमी लागून राहिली."

"तू मासे धर गा सुखराम," मी म्हणालो. "इंजिन मी पाहतो."

आजूबाजूला गुराखी, बाया, शाळेची पोरं. सगळे हसले. सुखरामही हसला. मी हात हलवला, त्यानं विमान सोडलं.

विमान धावलं, उठलं, आणि सरांभोवती फिरू लागलं. कोसा उन्हात पिवळा दिसत होता. पहिला फेरा, दुसरा फेरा. लोक टाळ्या वाजवू लागले. तिसऱ्या फेऱ्यात सरांनी मूठ वाकवली, विमानानं नाक वर केलं, आणि तो शिट्टीसारखा आवाज एकदम बारीक झाला. बारीक, मग खोकला, मग काहीच नाही. इंजिन थांबल्यावर ओढ गेली, ओढ गेल्यावर तारा ढिल्या पडल्या, आणि ढिल्या तारांनी विमान ऐकत नाही. सर मागे मागे पळत तारा ताणायचा प्रयत्न करत होते. विमान नाकावर पडलं. भेंडाचा चुरा, बांबूच्या काड्या आणि त्यात फाटलेला कोसा, ओल्या शेणात.

 सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि मी, ज्याला गिरणी आणि मोपेडीतला फरक कळत नव्हता, म्हणालो, "सुखरामनं वाकडं सोडलं."

सुखराम म्हणाला, "असन जी." आणि खाली बसून शेणातला कोसा गोळा करू लागला.

आम्ही सरांच्या घरी गेलो. आई अंगणात बसली होती. सरांनी कापड तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते बोटांनी चाचपलं, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"उसवलं नाई," ती म्हणाली. "फाटलं. माह्या विणण्यानं काई चूक नाई केली. कोनाची चूक?"

 मी म्हणालो, "धरणाऱ्याची, माय. हात हलला त्याचा."

"आता एकच तुकडा रायला," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, तक्रार नव्हती. नुसती गिनती होती. ते जास्त लागलं.

दुकानात येऊन मी इंजिनाचा प्लग काढला. प्लग खोटं बोलत नाही. पोटभर जेवलेल्या इंजिनाचा प्लग चहाच्या कपाच्या बुडासारखा तपकिरी असतो. जास्त जेवलेल्याचा काळा, ओला. माझा पांढरा होता, हाडासारखा. इंजिन उपाशी मेलं होतं.

मग डोक्यात प्रकाश पडला, तोही उशिरा, आमच्या गावच्या लाइटसारखा. फवारणीच्या यंत्रात टाकी इंजिनाच्या वर असते. पेट्रोल आपोआप खाली उतरतं. मोपेडीतही तसंच. जन्मभर मी वरून वाढलेलं जेवणारी इंजिनं लावली. विमानात टाकी इंजिनाच्या मागे. नाक वर केलं की टाकी खाली जाते आणि इंजिनाला पेट्रोल ओढून प्यावं लागतं. जमिनीवर जे पोटापुरतं आहे, ते वर चढताना कमी पडतं. म्हणून सुई जमिनीवर थोडी जास्त उघडी ठेवायची. आवाज जरा जाडा, जरा गावंढळ वाटला पाहिजे, म्हणजे वर गेल्यावर तो बरोबर होतो. पुस्तकात हेच होतं. आणि सुखरामच्या हातातही हेच होतं.

हे मी कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. पंधरा दिवस मी प्लग खिशात घेऊन फिरलो.

सर थोर माणूस. पुन्हा भेंड आणलं, पुन्हा सांगाडा केला, आणि पेटीतला शेवटचा तुकडा काढला. शाळेच्या संमेलनात उडवायचं ठरलं, आईसमोर. मला म्हणाले, "या वेळी धरायला पीटीचे सर येतील. सुखरामचा हात हलतो."

 इथे खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "नाही सर, सुखरामच पाहिजे. त्याची... सवय झाली आहे." अर्धं खरं म्हणजे सुई अर्धी उघडल्यासारखं आहे, इंजिन सुरू होतं, फार लांब जात नाही.

मग सायकल काढून तळ्यावर गेलो. सुखराम जाळं वाळत घालत होता. मी इकडचं तिकडचं बोललो, मासे कसे आहेत, पाणी किती उतरलं.

"मिस्त्री, तुमी मासे पाह्याले नाई आले," तो म्हणाला.

मी खिशातून प्लग काढून त्याच्या हातात दिला. "उपाशी होतं. तू बोलला ते खरं होतं."

त्यानं प्लग उलटासुलटा पाहिला. "मले मालूम होतं जी."

"मग मी तुझ्यावर ढकललं तेव्हा बोलला काहून नाही गा?"

"तुमी इचारलं कुठं?" सुखराम म्हणाला आणि प्लग परत दिला.

संमेलनाच्या दिवशी शाळेच्या मैदानावर सगळा गाव. आईला खुर्ची टाकून दिली होती, उन्हाकडे पाठ, आभाळाकडे तोंड. सर मध्ये, मूठ दोन्ही हातांत.  

इंजिन पेटलं. मी सुई बंद करत आणली, शिट्टी आली. जुनी सवय म्हणाली, थांब, हाच आवाज. मी सुखरामकडे पाहिलं. त्यानं विमानाचं नाक वर केलं आणि मान हलवली: नाही. मी सुई किंचित उघडली. पुन्हा नाक वर. पुन्हा नाही. आणखी किंचित. आवाज जाडा झाला, धूर दिसू लागला, टपरीवाला लोकांना सांगू लागला की मिस्त्रीचं इंजिन बिघडलं. एकूण पाव फेरा उघडल्यावर सुखरामनं नाक वर करून धरलं, हातांत नीट तोललं, आणि म्हणाला, "आता ओढून राह्यलं."

त्यानं सोडलं.

विमान उठलं. पहिल्या फेऱ्यात मी फक्त आवाज ऐकत होतो. तिसऱ्या फेऱ्यात सरांनी मूठ वाकवली, नाक वर झालं, आणि आवाज बारीक झाला नाही. उलट मोकळा झाला, गोल झाला. जमिनीवर जो गावंढळ वाटत होता तो वर जाऊन सुरात आला. आईचं तोंड विमानासोबत हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरत होतं. फेऱ्यामागून फेरा तिची मान फिरत राहिली. पेट्रोल संपलं तसं सरांनी विमान अलगद उतरवलं. ते गवतातून घसरत आलं आणि थांबलं.

हेडमास्तर मैदानात आले. टाळ्या झाल्या. सरांना हार घातला आणि मला शाल. "मागच्या वेळी धरणाऱ्याच्या चुकीनं पडलेलं विमान," हेडमास्तर म्हणाले, "आमच्या मिस्त्रींनी आज उडवून दाखवलं." मी शाल नीट करून घेतली. सुखराम शेपटीशी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

विमान आईपुढे आणलं. तिनं पंखावर हात ठेवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. कापड तंग होतं, कुठे टाका उसवला नव्हता.

"धरलं कोनं होतं आज?" तिनं विचारलं.

"सुखरामनं, माय," मी म्हणालो.

"आन मांगच्या खेपेले?"

"...सुखरामनंच."

तिनं पंखाच्या कडेवरून पुन्हा बोट फिरवलं. आयुष्यभर मागावर कुठला धागा तुटला ते शोधत आलेली बाई.

"म्हंजे हात तोच," ती म्हणाली. "मंग बदललं काय, बापू?"

डोळ्यांत तिच्या फारसं काही उरलं नव्हतं, पण ते नेमके माझ्याकडे लागले होते. हेडमास्तर, पीटीचे सर, टपरीवाला, सगळे ऐकत होते. टपरीवाल्यानं ऐकलं म्हणजे तालुक्यानं ऐकलं.

"सुई, माय," मी म्हणालो. "मागच्या वेळी माझी सुई चुकली. यानं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि त्याचं नाव घेतलं."

कोणी हसलं नाही. गिरणीचं निदान ज्या गावात अजून सांगतात, त्या गावात त्या दिवशी कोणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला.

"मंग शाल त्याची हाये," आई म्हणाली.

मी शाल काढून सुखरामच्या खांद्यावर टाकली. त्यानं ती हातात घेतली, पोत पाहिला, घडी घातली आणि गमछ्यासारखी कमरेला बांधली.

"उन्हात शाल कायले जी," तो म्हणाला. मग खाली वाकून विमानाची शेपटी धरली. "सर, आणखीन एक डाव होऊन जाऊ द्या. मायले बराबर दिसलं नसन."

"दिसलं," आई म्हणाली. "पन होऊ द्या."

मी टाकी भरली, बोटावर ट्यूब चढवली, झटका दिला. इंजिन पेटलं. सुखरामनं नाक वर केलं. माझा हात सवयीनं सुईकडे गेला, आणि मी तो मध्येच थांबवला.

"काय म्हणते गा, सुखराम?" मी विचारलं.